आठ चाकांचा कौल

समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी गव्यानं जागचं हलायला साफ नकार दिला. तो बिघडला असता तर श्रीरंग उपळेकरांना एवढं वाईट वाटलं नसतं. बिघडलेल्या यंत्राशी कसं वागायचं, हे त्यांच्या अख्ख्या नोकरीनं त्यांना शिकवलं होतं. पण गवा बिघडला नव्हता. बॅटऱ्या भरलेल्या होत्या, आठही मोटरी ठणठणीत होत्या आणि चालकासमोरच्या पडद्यावर स्वच्छ मराठीत अक्षरं उमटली होती: ‘चाकांचा कौल: नाही. आठ विरुद्ध शून्य.’

चालकाच्या जागेवर हवालदार बबन घुले बसले होते. त्यांनी झडपेतून डोकं बाहेर काढलं.

“साहेब, ह्ये न्हाई म्हणतंय.”

“कशाला नाही म्हणतंय?”

“जमिनीवर भरवसा न्हाई म्हणतंय.”

उपळेकरांनी खाली पाहिलं. खाली जमीन नव्हतीच, काँक्रीटचा ओटा होता. प्रकल्प सुरू झाल्यापासून गवा रोज त्याच ओट्यावरून निघत आला होता. काल संध्याकाळी तो ओटा उपळेकरांनी साबणानं धुऊन घेतला होता आणि आज उजाडल्यापासून ते स्वतः तिथं पहारा दिल्यासारखे उभे होते. इतक्या स्वच्छ, इतक्या निरुपद्रवी जागेवर भरवसा न ठेवण्यासारखं काय होतं, हे त्यांना कळेना.

गवा म्हणजे आठ चाकांची चिलखती गाडी. नगर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवर जिथं बाभळीसुद्धा नाइलाजानं उगवतात, अशा एका माळावर बहुचक्र वाहन संशोधिका नावाची संस्था होती आणि उपळेकर तिथले मुख्य रचनाकार होते. लोक गव्याला रणगाडा म्हणत. उपळेकर प्रत्येक वेळी न कंटाळता सांगत की रणगाड्याला पट्टे असतात, याला चाकं आहेत, ही चिलखती गाडी. लोक मान डोलवत आणि पुढच्या वाक्यात पुन्हा रणगाडा म्हणत.

जुन्या आठचाकी गाड्यांत एक इंजिन असे. त्याची ताकद गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांबच लांब दांड्यांनी चाकांपर्यंत पोचे. पोटाखाली सुरुंग फुटला की दांडी मोडे आणि चार चाकं शाबूत असूनही शोभेची होत. शिवाय दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा स्वभाव मोठा विचित्र. ज्या चाकाला काहीच जोर लावावा लागत नाही, म्हणजे जे चिखलात नुसतं गरगरत असतं, त्याच्याकडेच ताकद वाहून जाते. आणि जे बिचारं घट्ट जमिनीवर उभं राहून गाडी ओढायला तयार असतं, ते उपाशी राहतं. सरकारी खात्याचा अनुभव असलेल्या कुणालाही हे चटकन समजे. त्यावर कुलूप लावण्याच्या युक्त्या होत्या, पण उपळेकरांनी ते सगळं झाडच उपटून टाकलं. दांडी नाही, गिअरपेटी नाही, डिफरन्शियल नाही. प्रत्येक चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या गाभ्यात, त्याची मोटर, त्याची बॅटरी आणि त्याचा छोटा मेंदू. तीन चाकं उडाली तरी उरलेली पाच गाडी घरी आणतील.

आणि प्रत्येक चाकाला नाक. टायरच्या खाचांतून बारीक भोकं हवा आत ओढत. आत एक पातळ पापुद्रा असे. त्याला वासाचे कण चिकटले की त्याच्यातून जाणारी वीज किंचित बदले. पुरलेल्या स्फोटकाचा वास मातीतून झिरपतो, माणसाला येत नाही, चाकाला येई. जमीन किती भुसभुशीत, खाली काय पोकळ, वर काय वास, हे सगळं धरून प्रत्येक चाक आपला भरवसा ठरवी आणि मत देई. बहुमत असेल तर गाडी पुढं. समसमान झालं तरी थांबायचं. हा नकार चालकाला मोडता येत नसे. त्यावरून सैन्याशी पुष्कळ वाद झाला होता. उपळेकरांचं म्हणणं एवढंच होतं की हुकूम आला म्हणून पुढं जाणारा माणूस आत बसलेला असताना, घाबरून थांबणारं कुणीतरी खाली हवं.

चाकांना नियम शिकवलेले नव्हते. त्यांना अनुभव दिला होता. सुखरूप गेलेल्या फेऱ्यांचा अनुभव गव्यावरून आला आणि स्फोटाचा अनुभव एकट्या चाकाच्या सांगाड्यावरून. सांगाड्याला एक चाक जोडायचं, सुरुंगावर ढकलायचं आणि उडवायचं. उडालेल्या चाकाच्या शेवटच्या क्षणांची आठवण बाकीच्या चाकांना द्यायची. अशी पुष्कळ चाकं गेली. त्यांच्या जिवावर गवा शहाणा झाला होता.

तो शहाणा आता धुतलेल्या ओट्यावर अडून बसला होता.

रेश्मा आत्तार चाकांच्या नाकांची प्रमुख होती. तिचे वडील आठवड्याच्या बाजारात अत्तरं विकत, आणि लहानपणी त्या पेटीशेजारी बसूनच आपल्याला या विषयाची गोडी लागली, असं ती मुलाखतीत सांगून आली होती. तिनं जुन्या फेऱ्यांचे आलेख आजच्या आलेखाशेजारी लावले आणि एकेक रेघ बोटानं ताडून पाहिली.

“सर, रोज निघताना एक वास यायचा. आज तो नाही.”

“कसला वास?”

“तीव्र. ताजा. सालीसारखा.” ती उपळेकरांकडे न बघता म्हणाली. “आणि सर, चाकं उडवायचो, तेव्हा तो कधीच नसायचा.”

“म्हणजे चाकांना वाटतं, तो वास आहे तर धोका नाही, आणि तो नाही तर स्फोट?”

“त्यांनी तरी दुसरं काय समजावं?”

उपळेकरांनी उपाहारगृहातून भांडी घासायची वडी मागवली. ताजा म्हणावा असा तेवढाच वास त्या माळावर उपलब्ध होता. वडीचा पाणी घालून केलेला फेस चाकांपुढं ओतला. पडद्यावर आलं: ‘नाही. पाच विरुद्ध तीन.’ तीन चाकं फसली होती. उपळेकरांना शास्त्रज्ञाला होतो तसा आनंद झाला.

“सर, रागावणार नसाल तर एक करून बघू?” रेश्मानं विचारलं, आणि पांढऱ्या कोटाच्या खिशातून एक लिंबू काढलं.

त्यानंतर जे झालं ते उपळेकर उभ्या उभ्या पाहत राहिले. गव्याच्या प्रत्येक चाकाला एक पालक असे, ही त्यांनीच घातलेली पद्धत. पालकानं आपलं चाक पुसायचं, तपासायचं, त्याचा हट्ट समजून घ्यायचा. आता एकेक पालक पुढं येऊ लागला. कुणाच्या हत्यारांच्या पेटीतून, कुणाच्या शिरस्त्राणातून, एकाच्या तर मोज्यातून लिंबू निघालं. कामाच्या पहिल्याच दिवशी उपळेकरांनी फलक लावला होता: इथं नारळ, लिंबू, झेंडू यांना मज्जाव आहे. त्यामुळं प्रत्येकानं आपापलं लिंबू गुपचूप ठेवलं होतं, आणि बहुतेकांची अशी समजूत होती की ठेवणारा आपण एकटाच. गाडी पुढं गेली की लिंबू चिरडत असे आणि मागं पुरावा उरत नसे.

“तूसुद्धा, रेश्मा?”

“मी ठेवत नव्हते सर. माझ्या चाकाखाली घुलेमामा ठेवायचे, हेही त्यांचंच. मी फक्त ते मधोमध सरकवायचे. कडेला असलं तर आलेख नीट येत नव्हता.”

सात चाकांखाली सात लिंबं ठेवली. पडद्यावर आलं: ‘होय. सात विरुद्ध एक. असहमत: डावे चौथे.’

डावं चौथं चाक उपळेकरांचं होतं. त्याचे पालक ते स्वतः. आजवर त्या चाकाला त्यांनी लिंबाची सावलीही लागू दिली नव्हती, आणि नेमकं तेच रुसून बसलं होतं. म्हणजे सवय त्यालाही होती.

“माझ्या चाकाखाली कोण ठेवत होतं?”

सगळे पायाखाली बघू लागले. शेवटी घुले झडपेतून म्हणाले, “मॅडम देत व्हत्या साहेब. डब्याच्या पिशवीत. म्हनल्या, त्यांना सांगू नका, भाषण करतील.”

सुमेधा उपळेकर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. दोघांचं लग्न नोंदणी पद्धतीनं, तेही ऐन पितृपक्षात, मुद्दाम झालं होतं. घराची वास्तुशांत झाली नव्हती, मुलीची पत्रिका काढली नव्हती. उपळेकर तालुक्याच्या विवेक मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या प्रत्येक व्याख्यानाला सुमेधाताई पहिल्या रांगेत असत. नवऱ्याला त्या नावानं हाक मारत, तू म्हणत. ‘अहो’ म्हणाल्या तर समजायचं की आता खैर नाही.

संध्याकाळी उपळेकर घरी आले, बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “लिंबू?”

सुमेधाताई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी पोळी उलटली.

“कळलं का?”

“तू रसायनशास्त्र शिकवतेस.”

“म्हणून तर सांगते. सालीतलं लिमोनीन असणार. पटकन उडणारं तेल आहे, तुमच्या त्या नाकांना चांगलंच झोंबत असेल.”

“तुझा विश्वास आहे लिंबावर?”

“अजिबात नाही.” त्यांनी तव्याखालची शेगडी बारीक केली. “पण तुमच्यात ती पद्धत आहे ना, जो घडवील तो आत बसेल. तू रोज त्या रणगाड्यात बसतोस. तुझ्या गणितावर माझा पुष्कळ विश्वास आहे, श्रीरंग. शंभर टक्के नाही. वर जे थोडे टक्के उरतात, त्यांचं मी काय करायचं होतं?”

“मला सांगायचं.”

“तू भाषण केलं असतंस.”

यावर भाषण करण्याची तीव्र इच्छा उपळेकरांनी दाबली. रणगाडा नव्हे, चिलखती गाडी, हेही सांगायचं राहून गेलं. ते पाटावर बसले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. उद्या समिती येणार. लिंबं ठेवली तर गवा उत्तम चालेल. देशात नव्या गाडीखाली लिंबू ठेवतातच. कुणाला त्यात वावगं दिसणार नाही. समिती खूश होईल, गवे बनायला लागतील, आणि मग एक दिवस पलीकडच्या कुणाच्या तरी हे लक्षात येईल.

“सुरुंगावर लिंबू पिळलं की झालं,” ते म्हणाले. “गवा आनंदानं जाऊन त्यावर उभा राहील.”

सुमेधाताईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

“आत कोण असतील?”

“पोरं. आपल्या मुलीच्या वयाची.”

“मग उद्या सांगून टाक.”

“प्रकल्प बंद होईल. परदेशी गाडी घ्यायला टपलेलेच आहेत. रेश्मा, घुले, सगळे दुसरीकडे फेकले जातील. माझी नोकरीची सगळी वर्षं या एका गाडीत गेली, सुमेधा.”

“माहीत आहे. मी पण त्याच घरात राहते.” त्यांनी ताट वाढलं. ताटात लिंबाची फोड नव्हती. “सांगून टाक, अहो.”

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष मेजर जनरल कुरियन मूळचे केरळातल्या कोट्टायमचे, पण या भागात इतकी वर्षं काढलेली की आता ते मराठीत रागावू शकत. त्यांच्या गाडीला चालक नव्हता. गाडी आपली आपण आली, आपली आपण थांबली आणि तिच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लटकत होती. उपळेकरांनी तिकडं पाहणं टाळलं.

कुरियन साहेबांनी गव्याला प्रदक्षिणा घातली, चाकांकडं वाकून पाहिलं आणि विचारलं, “उपळेकर, लिंबू नाही ठेवलं?”

सातही पालकांच्या चेहऱ्यावर देव पावल्याचा भाव उमटला. ओठ न हलवता घुले पुटपुटले, “आता साहेबच म्हनत्यात म्हणल्यावर...” उपळेकरांनी क्षणभर डोळे मिटले. इतकं सोपं होतं ते. खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

“ठेवू या सर,” ते म्हणाले, आणि आठवं लिंबू त्यांनी आपल्या हातानं डाव्या चौथ्या चाकाखाली ठेवलं. आयुष्यातलं त्यांचं ते पहिलं लिंबू होतं. ते दोनदा घरंगळलं.

आठ विरुद्ध शून्य, होय. गवा निघाला तो बघत राहावं असा. एक चाक खड्ड्यात गेलं की बाकीची सात त्याला न सांगता सावरत. खंदक त्यानं ओलांडला, तिरक्या उतारावर तो तोल न जाऊ देता चालला, आणि पुरलेल्या तालमीच्या सुरुंगांना एकेक करून वळसा घालत गेला. या सुरुंगांत स्फोटक नावापुरतं आणि बाकी गुलाल असे. एकही फुटला नाही. समितीच्या मांडवातून टाळ्या ऐकू आल्या. आत उपळेकरांच्या शेजारी बसलेल्या रेश्माचे डोळे भरून आले होते.

“थांबवा,” उपळेकर घुल्यांना म्हणाले.

“साहेब, कशापायी?” घुल्यांना कशापायी ते चांगलं कळलं होतं. “समदं झालंय न्हवं.”

“थांबवा, घुले.”

ते उतरले. खिशातून अर्धं लिंबू काढून ते शेवटच्या सुरुंगाजवळ गेले आणि त्यावर शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं. सालसुद्धा तिथंच ठेवली. मग मांडवाकडं वळून म्हणाले, “सर, आता मागं सरा.”

कुरियन साहेब मागं सरले नाहीत. जनरल सहसा सरत नाहीत. गवा आठ मतांनी, जराही न कचरता, सुरुंगावर गेला आणि गुलालाचा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा समितीची टिपणं, चहाचे कप, दिल्लीहून आलेल्या वित्त अधिकाऱ्यांचा सफारी सूट आणि कुरियन साहेबांच्या मिशा, सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

उपळेकरांनी सगळं सांगितलं. फलकाचं, पालकांचं, सात लिंबांचं. आठव्याबद्दल “तेही आमच्याकडूनच” एवढंच म्हणाले.

“हे तुम्हाला कधी समजलं?” कुरियन साहेबांनी विचारलं.

“काल.”

“तुम्ही बोलला नसता तर मला समजलं असतं?”

“नसतं सर.”

कुरियन साहेबांनी रुमालानं एक डोळा पुसला. “परदेशी गाड्या बघितल्या मी. त्यांचे लोक मला मोठ्या हॉटेलात जेवायला नेतात. गाडीचं काय चुकतं ते कुणी सांगत नाही. आणि कुणी मला असं रंगवत पण नाही.” दुसरा डोळा पुसला. “एक वर्ष देतो. पुढल्या वेळी सुरुंग खरा, माझ्या लोकांनी पुरलेला. लिंबू मी पिळणार. आणि आत तुम्ही. तुमचीच पद्धत आहे ना?”

चाकांच्या डोक्यातून लिंबू काढून टाकावं, हा उपळेकरांचा पहिला विचार. रेश्मा म्हणाली, “नाही निघणार सर. वरणात विरघळलेलं मीठ आहे ते. हजारो फेऱ्यांत पसरलंय.”

“मग कडक बंदी घालू. लिंबू दिसलं की निलंबन.”

“बंदी होतीच की सर. आणि इथं पाळली तरी उद्या सीमेवरचा जवान ठेवीलच. त्याला कोण अडवणार?” ती थोडी थांबली. “लिंबू बंद नाही करायचं. लिंबू इतकं करायचं, की त्याला काही अर्थच उरता कामा नये.”

युक्ती साधी होती. आजवर लिंबू फक्त चांगल्या फेरीत होतं, म्हणून चाकांनी दोहोंची गाठ बांधली. आता चांगल्या फेऱ्यांपैकी निम्म्यांत लिंबू ठेवायचं, निम्म्यांत नाही. उडवायच्या चाकांपैकीही निम्म्यांखाली ठेवायचं. कुठल्या फेरीत ठेवायचं ते माणसानं ठरवायचं नाही, कारण माणूस ठरवू लागला की आपली भीती त्यात मिसळतो. रोज सकाळी नाणं उडवायचं. छापा आला तर लिंबू, काटा आला तर नाही. एवढं झाल्यावर चाकांना आपोआप कळेल की लिंबाचा आणि मरणाचा काही संबंध नाही, आणि मग ती मुकाट्यानं मातीकडं लक्ष देतील.

अशा रीतीनं विवेक मंडळाचे अध्यक्ष श्रीरंग उपळेकर हे जिल्ह्यातले लिंबांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले. संशोधिकेच्या फाटकातून लिंबांचे टेंपो आत जाऊ लागले. साहेब रोज सकाळी ओट्यावर उभे राहतात, नाणं वर फेकतात, त्याचा कौल घेतात आणि मग रणगाड्याखाली स्वतःच्या हातानं लिंबं ठेवतात, ही बातमी पंचक्रोशीत पसरायला वेळ लागला नाही. फाटकाबाहेर लोक येऊन हात जोडू लागले. एक बाई नव्या ट्रॅक्टरसाठी साहेबांच्या हातचं लिंबू मागायला आली. उपळेकरांनी तिला संभाव्यताशास्त्र समजावून सांगितलं. तिनं ते श्रद्धेनं ऐकून घेतलं आणि जाताना पाया पडली.

विवेक मंडळानं खुलासा मागितला. उपळेकरांनी सभेत उभं राहून फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं की लिंबाचा अर्थ नष्ट करण्यासाठीच आपण लिंबं ठेवतो. सभासद एकमेकांकडं पाहत राहिले. “सगळे असंच काहीतरी सांगतात,” खजिनदार हळूच म्हणाले. अध्यक्षपद गेलं. उपळेकरांना त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. ती माणसं त्यांची होती.

घुल्यांना वेगळंच दुःख होतं. लिंबाविना फेरी ते जीव मुठीत धरून का होईना, मारत. पण लिंबू ठेवून चाक उडवणं त्यांना पटत नसे. “त्या चाकाला आपण शब्द दिल्यासारखं व्हतं साहेब,” ते म्हणत, आणि स्फोटाच्या वेळी पाठ फिरवून उभे राहत.

डब्याची पिशवी आता उपळेकर स्वतः तपासून नेत. पिशवीत पोळीभाजीखेरीज काही नसे. घरी लिंबाचा विषय निघत नसे. वर्ष सरत आलं तशा सुमेधाताई मात्र वरचेवर ‘अहो’ म्हणू लागल्या. अहो, चहा झालाय. अहो, दार लावून घ्या. खऱ्या सुरुंगाचा दिवस जवळ येत होता. गव्याचं पोट होडीसारखं निमुळतं होतं, स्फोटाचा लोट बाजूला निघून जाईल अशी रचना होती, आतल्या माणसाच्या जिवाला धोका नव्हता, असं उपळेकरांनी त्यांना आकडे देऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग रात्रभर त्या कूस बदलत होत्या आणि उपळेकर ते जागेपणी ऐकत होते.

चाचणीच्या दिवशी कुटुंबांना कुंपणापलीकडं उभं राहायची परवानगी होती. सुमेधाताई डबा घेऊन आल्या.

“पोहे आहेत,” त्या म्हणाल्या. “वर पिळायला लिंबू दिलंय. चिरायला वेळ झाला नाही.”

उपळेकरांनी झाकण उघडलं. पोह्यांच्या मधोमध अख्खं, पिवळंधमक लिंबू बसलेलं होतं.

“आत सुरी कुठली असायला?”

“रणगाड्यात सुरी नसते, हे मला काय माहीत?”

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती गव्याकडं पाहत होती. चिलखती गाडी, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी लिंबू उचलून पँटच्या खिशात टाकलं, डबा तिच्याच हातात परत दिला आणि ओट्याकडं गेले.

कुरियन साहेबांनी स्वतः नाणं उडवलं. काटा. चाकांखाली लिंबू नाही. गव्यानं ओटा हुंगला आणि कौल दिला: ‘होय. आठ विरुद्ध शून्य.’ पालकांपैकी कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला.

आत उपळेकर, घुले आणि रेश्मा. झडप बंद झाल्यावर बाहेरचं जग पडद्यावरच्या आकड्यांपुरतं उरलं. सुरुंग कुठं पुरले होते ते तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. पहिला गव्याला लांबूनच कळला; तो सावकाश वळसा घालून गेला. त्यानंतर नुसता सपाट माळ. दगड, खुरटं गवत, पुन्हा दगड. आठ विरुद्ध शून्य. सात विरुद्ध एक. पुन्हा आठ विरुद्ध शून्य. घुल्यांच्या कपाळावरून घामाची धार ओघळली. ती पुसायला त्यांनी हात सोडला नाही.

“साहेब, घाबरलाव का?”

“नाही,” उपळेकर म्हणाले.

सहा विरुद्ध दोन. गवा जातच होता. रेश्मा आलेखाकडं बघत म्हणाली, “सर, लिंबाचा वास आहे. पुढं. खूप.” हाच तो सुरुंग. वर्षभर ओतलेले लिंबांचे टेंपो, उडवलेली चाकं, गेलेलं अध्यक्षपद, सगळं आता पुढच्या काही हातांवर येऊन ठेपलं होतं. उपळेकरांच्या डोक्यात गणित होतं आणि ते बरोबर होतं. त्या गणितावर त्यांचाही पुष्कळ विश्वास होता. शंभर टक्के नव्हता, हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

पाच विरुद्ध तीन.

गचकन धक्का बसला आणि गवा थांबला. पडद्यावर तीच अक्षरं आली, जी वर्षापूर्वी ओट्यावर पाहून त्यांना इतकं वाईट वाटलं होतं: ‘चाकांचा कौल: नाही. आठ विरुद्ध शून्य.’

मग घुल्यांनी पडद्याला हात लावून नमस्कार केला, आणि उपळेकरांनी त्यांना तो करू दिला.

सैन्याच्या लोकांनी येऊन माती उकरली. सुरुंग डाव्या पहिल्या चाकापुढं वीतभर अंतरावर होता आणि त्याच्यावर पिळलेल्या लिंबाच्या साली रचून ठेवलेल्या होत्या. कुरियन साहेबांनी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. “सही कुठं करायची, ते दाखवा,” ते म्हणाले, आणि आज त्यांच्या मिशा त्यांच्या मूळच्या रंगाच्या होत्या.

उपळेकर कुंपणापाशी आले. सुमेधाताई डबा पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं. सगळं जागच्या जागी होतं. नजर पँटच्या खिशावर येऊन थांबली. खिसा मांडीपर्यंत भिजला होता आणि त्या डागाला ताजा, आंबट वास येत होता. उपळेकरांनी मूठ अजून बाहेर काढली नव्हती.

“तिथं सुरी लागत नाही वाटतं,” सुमेधाताई म्हणाल्या.

मग त्यांनी डबा उघडून पुढं केला. पोहे गार झाले होते. श्रीरंगनं खिशातून चिरडलेलं लिंबू काढलं, त्यात राहिलेले थेंब पोह्यांवर पिळले, आणि दोघांनी तिथंच उभ्यानं खाल्ले.